अडचण नसलेला माणूस : बढती नाकारणाऱ्या एका बँक लिपिकाचे प्रकरण

राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून लागून लिपिक म्हणूनच निवृत्त झालेल्यांची संख्या लहान नाही आणि त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत त्याचे कारण अकार्यक्षमता हे नसते, हे बँकेत नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. अधिकारीपदाची बढती म्हणजे बदली, बदली म्हणजे दोन चुली, असे हे साधे समीकरण आहे आणि ते मांडून माणसे वर्षानुवर्षे बढती ‘फोरगो’ करीत आलेली आहेत. या समीकरणाने एरवी कोणाचे काही बिघडत नाही. ज्याला बढती नकोच होती त्याने ती नाकारली, तर त्यात अभ्यासण्यासारखे काही नाही. मात्र ज्याला काहीतरी वेगळे करायचे होते, जे करायचे होते त्याची लायकी ज्याच्यात उघड दिसत होती, ज्याला कोणी अडवले नव्हते आणि तरीही ज्याने अडतीस वर्षे ते केले नाही, अशा माणसाचे प्रकरण वेगळे ठरते. पुढे मांडलेले प्रकरण अशा एका गृहस्थांचे आहे. शाखेत सगळे त्यांना अण्णा म्हणत. येथेही तेच संबोधन वापरले आहे. लेखन त्यांच्या संमतीने केले असून ओळख पटू नये म्हणून बँकेचे नाव आणि काही कौटुंबिक तपशील गाळले आहेत. मी त्याच बँकेत अधिकारी होतो आणि माझा सीएआयआयबीचा, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षेचा, अभ्यास अण्णांच्या घरच्या हॉलमध्ये झाला, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मी त्रयस्थ नाही.

पार्श्वभूमी

अण्णांचा जन्म 1959 चा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डाच्या लेखी परीक्षेतून ते 1981 मध्ये लागले आणि पहिलीच नेमणूक त्यांना स्वतःच्या गावी, सांगलीत मिळाली. शाखेचे निम्मे खातेदार हळद, गूळ आणि बेदाण्याचे व्यापारी होते. हंगामात हुंड्या आणि बिले यांचा ढीग पडे. त्या काळी पितळी टोकन घेऊन लोक बाकावर बसत आणि संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत कोणी उठत नसे. अण्णांच्या टेबलावरचे खतावणीचे बॅलन्सिंग एका बैठकीत जुळायचे, ही शाखेत दंतकथा झाली होती. वडील निवृत्त शिक्षक, पत्नी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका, एक मुलगी, एक मुलगा. विश्रामबाग भागात कर्मचारी गृहकर्जातून, म्हणजे सरळ व्याजाच्या सवलतीच्या दराने, फ्लॅट घेतलेला. शाखा स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर. दुपारचा डबा गरम असतानाच उघडता येत असे.

त्यांची खरी आवड शिकवण्याची होती. बढतीची लेखी परीक्षा, जेएआयआयबी (सीएआयआयबीच्या आधीची पायरी), सीएआयआयबी या सगळ्यांसाठी आसपासच्या शाखांतील मुले त्यांच्याकडे येत. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधील कलम 85 आणि कलम 131 यांत, म्हणजे पैसे देणाऱ्या बँकेला मिळणारे संरक्षण आणि वसुली करणाऱ्या बँकेला मिळणारे संरक्षण यांत, जो फरक आहे तो पुस्तक वाचून मला कधी कळला नव्हता. अण्णांनी एक क्रॉस केलेला जुना चेक टेबलावर ठेवला, तो चोरणारा, वटवणारा आणि ज्याचे पैसे गेले तो, अशी तिघांची भूमिका आम्हा तिघांना दिली आणि अर्ध्या तासात प्रश्न मिटवला. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी पुष्कळजण स्केल-थ्री, स्केल-फोर या अधिकाऱ्यांच्या वरच्या श्रेणींपर्यंत पोहोचले. ‘आपला स्वतःचा क्लास काढायचा,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रथम ऐकले आणि त्यानंतर अनेकदा ऐकले. या प्रकरणात म्हणूनच दोन बदल आहेत: एक बँकेने पुढे केलेला, म्हणजे बढती, आणि दुसरा त्यांच्या मनातला, म्हणजे क्लास. पहिला त्यांना फारसा नको होता आणि दुसरा मनापासून हवा होता, परंतु दोन्ही एकाच पद्धतीने बाजूला पडले.

1989

त्या वर्षी अण्णा बढतीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि नेमणूक विदर्भातील एका ग्रामीण शाखेत निघाली. विचार करायला काही दिवस मिळाले. त्यांनी जे केले ते कोणत्याही बँकवाल्याने केले असते. फुलस्केप वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून त्यांनी डावीकडे नावे (खर्चाची बाजू) आणि उजवीकडे जमा असे खाते मांडले. ही वही त्यांनी मला अलीकडे दाखवली, म्हणून नोंदी जशाच्या तशा सांगता येतात. नावे बाजूला होते: दोन ठिकाणचा खर्च, वडिलांचे औषधपाणी, हिची शाळा (बदली संस्थेबाहेर होत नाही), मेसचे जेवण, मुलगी तीन वर्षांची. जमा बाजूला होते: मूळ वेतनातील वाढ, पुढे स्केल-टूची शक्यता, आणि तिसऱ्या ओळीत नुसता शब्द ‘मान’, पुढे प्रश्नचिन्ह. वेतननिश्चितीनंतर हातात पडणारी वाढ दोन घरांच्या खर्चाला पुरणारी नव्हती. बेरीज करण्याची गरजच नव्हती. अण्णांनी बढती सोडली आणि नियमाप्रमाणे पुढील काही वर्षे त्यांना परीक्षेला बसता आले नाही.

हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्या पानावरचा एकही आकडा खोटा नाही. लक्ष वेधते ते न लिहिलेले पान. ‘गेल्यास’ या शीर्षकाखाली त्यांनी खाते उघडले, ‘राहिल्यास’ या शीर्षकाखाली उघडले नाही. जाण्याला खर्च आहे आणि राहणे फुकट आहे, हे त्या वहीचे गृहीतक होते. वहीत 1989 नंतरही अशी पाने आहेत आणि त्यांतील एकाही पानावर राहण्याचे खाते नाही.

त्याच परीक्षेत अण्णांबरोबर उत्तीर्ण झालेला आणखी एकजण आमच्या शाखेत होता. तो वाड्यातील दोन खोल्यांत तीन भावांच्या बिऱ्हाडात राहत होता, मालकाने जागा खाली करण्याचा दावा लावला होता आणि घरात बोलाचाली रोजची होती. त्याच्याही बायकोने नको म्हटले, त्याचेही वडील थकलेले होते. तो गेला. पुढे चार राज्ये फिरला, मुलांच्या शाळा सतत बदलल्या, मधुमेह घेऊन परतला आणि मुख्य व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला. तो अण्णांपेक्षा सुखी झाला की नाही हे सांगणे मला शक्य नाही आणि या प्रकरणाचा तो मुद्दाही नाही. मुद्दा असा की दोघांपुढे आलेला कागद एकच होता. फरक घरात होता, आणि ज्याचे घर वाईट होते त्याच्यासाठी कागदावर सही करणे सोपे होते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात या विरोधाभासाची मांडणी केलेली आहे. तीव्र त्रास झाला की माणूस त्यातून सुटण्यासाठी किंवा मनाची समजूत घालण्यासाठी हातपाय हलवतो. सौम्य त्रास मात्र त्या मर्यादेखालीच राहतो, आणि म्हणून तो तीव्र त्रासापेक्षा जास्त काळ टिकू शकतो. सुखवस्तू परिस्थिती माणसाला बदलापासून रोखते असे आपण म्हणतो तेव्हा ती त्याला आळशी करते असे आपल्या मनात असते. अण्णा आळशी नव्हते. परिस्थितीने त्यांच्या बाबतीत एवढेच केले की असमाधान त्या मर्यादेवर कधी चढू दिले नाही.

2000 चे स्वेच्छानिवृत्तीचे परिपत्रक

मधली काही वर्षे भराभर सांगता येतील. बंदीचा काळ संपल्यावर अण्णा पुन्हा परीक्षेला बसले नाहीत. स्पेशल असिस्टंटचे पद मिळाले, त्याचा भत्ता सुरू झाला, ठराविक रकमेपर्यंत व्हाउचर पास करण्याचा अधिकार आला आणि व्यापारी त्यांना ‘साहेब’ म्हणू लागले. 1995 मध्ये पेन्शनचे नियम आले तेव्हा पर्यायाचा अर्ज भरून द्यायचा होता. बऱ्याच जणांप्रमाणे अण्णांनीही तो भरला नाही आणि ते भविष्य निर्वाह निधीतच राहिले. 1998 मध्ये वडील गेले.

2000 च्या अखेरीस सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय झालेल्यांना ती खुली होती. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी जे कमी असेल ते मिळणार होते. अण्णांची सेवा एकोणीस वर्षांची होती, म्हणजे अकराशे चाळीस दिवस, म्हणजे अडतीस महिन्यांचा पगार, शिवाय निधी आणि ग्रॅच्युइटी. वय एकेचाळीस, वडिलांची जबाबदारी संपलेली, पत्नीचा पगार चालू. क्लास काढायला याहून बरी संधी बाहेरून चालून येणे कठीण होते. देशभरातून सुमारे एक लाख बँक कर्मचारी या योजनेत बाहेर पडले. अण्णांनी अर्ज आणला, वहीत पान उघडले आणि अर्ज परत ठेवून दिला.

येथे वाचकाला वाटेल की ही सुवर्णसंधी हुकली. तसे झाले नाही, आणि हे प्रकरण मला लिहिण्याजोगे वाटले ते याच कारणाने. 2001 मध्ये रिक्रूटमेंट बोर्डे बरखास्त झाली आणि बँकांतील लिपिकभरती अनेक वर्षे जवळजवळ थांबली. बँकभरतीचा क्लास त्या वेळी काढला असता तर त्यात बसायला मुले कोठून आली असती, हा प्रश्नच आहे. ज्यांनी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम ठेवीत ठेवून व्याजावर घर चालवण्याचे ठरवले, त्यांचे व्याजदर पुढच्या तीन-चार वर्षांत घसरत गेले आणि हिशेब कोलमडले. अण्णांचे ‘नको’ पुन्हा एकदा बरोबर निघाले. ते बरोबर निघाले याचा परिणाम मात्र घातक झाला, असे माझे मत आहे. ज्या पद्धतीने तो निर्णय घेतला गेला होता त्या पद्धतीवर त्याने शिक्का मारला. भरती थांबणार आहे हे अण्णांना 2000 मध्ये माहीत नव्हते. वहीतल्या त्या पानावर त्याचा उल्लेखही नाही. तेथे आहे: ‘मुलगी आठवीत. दहावी होऊ दे.’ उत्तर बरोबर आले, पण ते ज्या कारणाने बरोबर आले ते कारण त्यांनी मांडलेलेच नव्हते.

विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी 1988 मध्ये ‘जैसे थे’कडे असलेल्या माणसाच्या ओढीवर एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हार्वर्ड विद्यापीठातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविमा योजनांची माहिती तपासली होती. नव्याने लागलेले कर्मचारी नवीन योजना निवडत आणि जुने कर्मचारी, तीच माहिती समोर असताना, आपल्या जुन्या योजनेतच राहत. यातून जुने लोक मूर्ख ठरत नाहीत. जी योजना आपल्या नावावर आहे तिच्याबद्दल निर्णय घ्यावा लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अण्णांनी 1995 मध्ये न भरलेला पेन्शनचा अर्ज याच जातीचा होता. तो नाकारलेला नव्हता, केवळ भरायचा राहिलेला होता, आणि दोन्हींचा परिणाम नियमानुसार एकच झाला.

परिपत्रकाने आलेले बदल

कोणी म्हणेल की अण्णा मुळात बदलाला घाबरणारे असतील. शाखेतील अनुभव नेमका उलटा आहे. ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खतावणीच्या नोंदी करणारे यंत्र, आले तेव्हा युनियनच्या बैठकीत ज्येष्ठांचा आवाज चढला होता, परंतु अण्णा आठवडाभरात त्यावर बसले. पुढे कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांना जोडणारी एकच संगणक प्रणाली, आले, जुन्या खतावण्यांतील शिल्लक नव्या प्रणालीत चढवण्यासाठी रात्री-रात्री थांबावे लागले, नवे मेन्यू पाठ करावे लागले, आणि पन्नाशीकडे झुकलेले अण्णा तिशीतल्या अधिकाऱ्यांना पडद्यावर बोट ठेवून दाखवीत होते. त्यांचे रोजचे काम अडतीस वर्षांत इतके बदलले की 1981 चा लिपिक 2019 च्या शाखेत आला असता तर त्याला कोठे बसावे ते कळले नसते.

हे सारे बदल परिपत्रकाने आले होते. त्यांत अण्णांची सही लागत नव्हती. ज्या बदलाला त्यांचा होकार लागणार होता तो झाला नाही; जो त्यांना न विचारता झाला त्यात ते सगळ्यांच्या पुढे होते. म्हणजे अडचण बदल पेलण्यात नव्हती, बदलाचा कर्ता होण्यात होती. या फरकाकडे आपले फार दुर्लक्ष होते, असे मला वाटते. ‘जमेल का’ हा प्रश्न आपण स्वतःला विचारत राहतो, त्याच्या तयारीत वर्षे घालवतो, आणि तो प्रश्न खरे तर कधीच सुटलेला असतो.

वहिनींचे म्हणणे याहून नेमके आहे. मी विचारल्यावर त्या हातातली भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “ह्यांना कुणी ढकललं असतं तर हे गेले असते. मी नाही ढकललं. मला तरी कुठं काय कमी होतं?” या तीन वाक्यांत कुटुंबाची बाजू आली. आरामाचे लाभार्थी एकटे अण्णा नव्हते. संध्याकाळी साडेसहाला घरी येणारा नवरा, शाळेच्या सहलीचे पैसे न मागता देणारा बाप, सवलतीच्या प्रवासभत्त्यात दर काही वर्षांनी होणारी सहल, या सगळ्यांवर घराचा हक्क तयार झाला होता. अशा घरात बदलाचा प्रस्ताव मांडणे म्हणजे इतरांच्या ताटातले काढून मागणे होते, आणि अण्णांचा स्वभाव तसा नव्हता.

2011

या प्रकरणाचा खरा कस येथे लागतो. 27 एप्रिल 2010 च्या करारान्वये, पूर्वी ज्यांनी पेन्शन घेतली नव्हती त्यांना दुसऱ्यांदा पर्याय मिळाला. नोव्हेंबर 2007 च्या सुधारित वेतनाच्या 2.8 पट रक्कम भरायची होती. या वेळी अण्णांनी अर्ज भरला. शाखेतील सगळ्यांनीच भरला. 2011 मध्ये आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने सरकारी बँकांसाठी एकत्रित परीक्षा सुरू केली आणि इतकी वर्षे आटलेली भरती मोठ्या प्रमाणावर खुली झाली. दुसऱ्या बाजूला निवृत्तांची लाट होती, बँकांना माणसे हवी होती. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात भिंतींवर क्लासच्या जाहिराती दिसू लागल्या. शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी बँकेचे काउंटर आतून पाहिलेले नव्हते.

अण्णांचे वय बावन्न, सेवा तीस वर्षे. पेन्शनच्या नियमांतील कलम 29 नुसार वीस वर्षे पात्र सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते आणि पात्र सेवेत पाच वर्षांपर्यंत भर मिळते. मात्र एकूण सेवा तेहतीस वर्षांच्या वर धरली जात नाही. पूर्ण पेन्शनला तेहतीसच वर्षे लागतात. म्हणजे 2011 मध्ये नोटीस दिली असती तर अण्णांची सेवा तेहतीस धरली गेली असती आणि शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मी पेन्शन व त्यावर महागाई भत्ता त्यांना मिळाला असता. हे कलम अण्णांना माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही, कारण मला ते त्यांनीच शिकवले होते. राजीनामा दिला तर मागची सारी सेवा जप्त होते आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली तर होत नाही, हा फरक ते परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून सांगत. फ्लॅटचे कर्ज फिटले होते. मुलगी नोकरीला लागली होती, मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होता. पैशाची अडचण म्हणून जे काही सांगता येते त्यातले जवळजवळ काहीच उरले नव्हते.

वहीतल्या त्या वर्षीच्या पानावर नावे बाजूला एकच मोठी रक्कम आहे: आठ वर्षांचा पगार वजा आठ वर्षांची पेन्शन. रक्कम अर्थातच डोळ्यांत भरणारी आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की तेवढ्याच रकमेचा तोटा तेवढ्याच नफ्यापेक्षा मनाला जास्त बोचतो. अण्णांच्या पानात त्याच्याही पुढचे पाऊल आहे. न मिळालेला, अजून न केलेल्या कामाचा, येणाऱ्या आठ वर्षांचा पगार त्यांनी आजच हाती आलेला धरला आणि तो तोट्याच्या रकान्यात लिहिला. क्लासचे उत्पन्न मात्र ‘अनिश्चित’ म्हणून जमा बाजूला शून्य धरले. एक रुपया नाही, शून्य. भरती जोरात असताना, वीस-पंचवीस वर्षे माणसे शिकवलेल्या शिक्षकाने आपल्या शिकवण्याची किंमत शून्य लिहावी, हे पान पाहताना मला जरा राग आला, हे मान्य करतो.

आणखी एक गोष्ट अण्णांनी तेव्हा केली. बँकेच्या सेवानियमांनुसार बाहेरचा व्यवसाय करता येत नाही, म्हणून त्यांनी रविवारी सकाळी एका वाचनालयात मोफत शिकवायला सुरुवात केली. मुले आली, त्यांतली काही लागली, पेढे आले. सगळ्यांना हे आदर्श वाटले आणि आहेही. परंतु क्लासची जी तहान होती ती आठवड्यातून दोन तासांत एवढी भागली की नोटीस देण्याइतकी ती पुन्हा कधी लागली नाही. आवडीच्या गोष्टीचा छोटा वाटा सोयीस्कर वेळेत मिळत राहिला की मोठ्या वाट्याची मागणी मागे पडते. निवांत आयुष्याच्या रचनेत असा एक कोपरा बहुधा असतोच आणि तो त्या रचनेला टिकवून धरतो.

2015 च्या करारानंतर दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. अण्णांनी तो दिवसही वाचनालयाला दिला.

विश्लेषण

या सर्व पानांत एकही बेजबाबदार निर्णय नाही. 1989 मध्ये वडील होते, 2000 मध्ये दहावी जवळ आली होती, 2011 मध्ये आठ वर्षांचा पगार होता. प्रत्येक कारण खरे होते आणि प्रत्येकाला शेवटची तारीख होती. वडील गेले, दहावी झाली. कारण संपल्यावर प्रश्न पुन्हा उघडायचा राहिला, आणि तो उघडेपर्यंत पुढचे कारण तयार झाले. अण्णांनी क्लास न काढण्याचा निर्णय कधीही घेतला नाही. ‘यंदा नको’ हा निर्णय त्यांनी वारंवार घेतला.

बँकांच्या हिशेबात 1990 पूर्वी असेच चाले. थकलेल्या कर्जावरचे न आलेले व्याज उत्पन्न म्हणून दाखवले जाई, खाते कागदावर चांगले राही, आणि कोणत्याही एका तिमाहीत ते वाईट घोषित करण्याचे कारण पडत नसे. नरसिंहम समितीच्या 1991 च्या अहवालानंतर निकष बदलले आणि मार्च 2004 पासून तर नव्वद दिवसांची मर्यादा लागू झाली: नव्वद दिवस हप्ता आला नाही की कारण कितीही खरे असले तरी खाते अनुत्पादक. या नियमाचे बळ कारण न ऐकण्यात आहे. अण्णांनी हे निकष शेकडो खात्यांना लावले. स्वतःच्या वहीतल्या खात्याला तसा नियम नव्हता, आणि अडचणीतल्या माणसाला जो नियम परिस्थितीच लावते तो त्यांच्या परिस्थितीने कधी लावला नाही.

उपाय काय करता आला असता, हे मागाहून सांगणे सोपे असते, तरी दोन गोष्टी नोंदवतो. पहिली, प्रत्येक कारणापुढे त्याची समाप्तीची तारीख लिहून त्या दिवशी वही पुन्हा उघडणे. 1998 मध्ये किंवा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी कोणीही वही उघडली नाही. दुसरी, ‘राहिल्यास’चे पान लिहिणे, आणि त्यात रकमेखेरीज गोष्टी लिहिण्याची लाज न बाळगणे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एका संकेतस्थळावर, मोठ्या निर्णयाबाबत मन दोलायमान असलेल्या लोकांकडून वीस हजारांहून अधिक वेळा नाणेफेक करवून घेतली. नाण्याने ‘बदल करा’ म्हटलेल्यांनी बदल करण्याचे प्रमाण जास्त होते आणि ते सहा महिन्यांनंतर सरासरीने अधिक समाधानी आढळले. स्वतःहून नाणे उडवायला आलेल्या लोकांवरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढू नये. पण ज्यांचे पारडे समसमान होते त्यांना केवळ एका नाण्याचा धक्का पुरला, आणि वहिनी म्हणतात तो धक्का तेवढाच असायला हवा होता.

अण्णांचा आक्षेप

हा मजकूर मी अण्णांना वाचायला दिला. निवृत्तीनंतर वाचनालयातले शिकवणे आठवड्यातून चार दिवस झाले आहे; शुल्क आता ते घेऊ शकतात, घेत नाहीत. त्यांनी मजकूर दोनदा वाचला, 2.8 पटीच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारून तो बरोबर असल्याचे सांगितले, आणि मग दोन आक्षेप घेतले.

पहिला आक्षेप वडिलांबाबत होता. “1989 पासून ते गेले तोवर नऊ वर्षं मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो,” ते म्हणाले. “तू ते ‘कारण’ म्हणून लिहिलंस. ते माझं काम होतं.” हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. नऊ वर्षांच्या त्या संध्याकाळी ‘राहिल्यास’च्या पानावर जमा बाजूला मोठी नोंद म्हणून यायला हव्या होत्या. त्या वहीत नाहीत, माझ्या पहिल्या मसुद्यातही नव्हत्या.

दुसरा आक्षेप 2011 बाबत होता आणि तो मला मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की फी घेतली असती तर मुले गिऱ्हाईक झाली असती, निकालाचे फलक लावावे लागले असते, आणि जे शिकवणे त्यांना आवडते ते उरले नसते. हे खरे असू शकेल. परंतु हे कारण वहीतल्या 2011 च्या पानावर कोठेही नाही, आणि मी तसे म्हटल्यावर अण्णांनी वही मागून घेतली, ते पान पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “तेव्हा सुचलं नव्हतं.”